लाकडी वातीची मेणबत्ती दहा मिनिटांत विझते : वात कशी कापावी, निगा कशी राखावी?

वृंदा_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार. दिवाळीत माझ्या भाचीने मला लाकडी वातीची एक मेणबत्ती भेट दिली. जाड काचेचा रुंद पेला आहे, आतून मोजला तर त्याचा व्यास ८ सेंटिमीटर भरतो, मेण सोयाचे आहे आणि मधोमध सुती वातीऐवजी सुमारे सव्वा सेंटिमीटर रुंदीची, पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड अशी लाकडाची पट्टी उभी आहे. ती पेटली की चुलीत वाळक्या काटक्या घातल्यासारखा बारीक तडतड आवाज येतो आणि ज्योत टोकदार न होता पट्टीच्या रुंदीभर पसरते. लहानपणी आजोळच्या स्वयंपाकघरात ऐकलेला हा आवाज पुण्याच्या फ्लॅटमध्ये पुन्हा ऐकू आला, म्हणून ही मेणबत्ती मला फार प्रिय झाली आहे.

अडचण अशी की ती आता दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. पहिल्यांदा मी ती वीज गेली तेव्हा लावली आणि वीस मिनिटांनी वीज आल्यावर लगेच विझवली. दुसऱ्यांदा भाऊबीजेच्या संध्याकाळी अर्धा तास लावली, तेव्हा छताचा पंखा सुरू होता. त्यानंतर ज्योत हळूहळू लहान होत मोहरीएवढी होते आणि मालवते. मध्यभागी चार सेंटिमीटर रुंदीचा खड्डा पडला असून भोवतीचे मेण भिंतीसारखे जसेच्या तसे उभे आहे. समईची ज्योत मंदावली की आपण वात पुढे सारतो, त्याच विचाराने मी चमच्याने पट्टीभोवतीचे मेण कोरून तिला आणखी उघडे केले. आता जवळजवळ एक सेंटिमीटर काळी पट्टी वर आली आहे आणि ती पूर्वीपेक्षाही लवकर विझते. माझे नेमके काय चुकले आणि ही मेणबत्ती वाचवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी

वृंदाताई, आपण केले ते समईच्या बाबतीत अगदी योग्य ठरले असते. समईत कापसाची वात तेलात पडलेली असते, तेल मुळातच पातळ असते आणि ते टोकापर्यंत सहज चढते. म्हणून वात जितकी पुढे सारावी तितकी ज्योत मोठी होते. लाकडी पट्टीचे गणित उलटे आहे, तिची ज्योत मोठी करायची असेल तर वात आखूड करावी लागते.

त्याचे कारण असे. मेण आधी वितळले पाहिजे, मग ते लाकडातील उभ्या सूक्ष्म नलिकांमधून केशाकर्षणाने वर चढले पाहिजे आणि टोकाशी पोहोचल्यावर त्याची वाफ झाली पाहिजे. मेणबत्तीत प्रत्यक्ष जळते ती ही वाफ. लाकूड हे काम कापसाच्या मानाने सावकाश करते. पट्टी मेणाच्या वर एक सेंटिमीटर उभी असेल तर टोकापर्यंत पुरेसे इंधन पोहोचत नाही, मग ज्योत लाकडालाच खाऊ लागते, त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा झालेल्या टोकातून मेण नीट चढत नसल्यामुळे ज्योत आणखी खंगते. ज्योत खंगली की उष्णता कमी पडते, उष्णता कमी पडली की मेण कमी वितळते, असे हे चक्र सुरू होते.

शाळेत मी मुलांना एक प्रयोग करून दाखवत असे. खडूचा एक लांब आणि एक आखूड तुकडा थोड्याशा निळ्या शाईत उभा करायचा. आखूड तुकड्याचे डोके बघता बघता निळे होते, लांब तुकड्याचे बराच वेळ पांढरे राहते. मायकेल फॅरडे यांनी १८६०–६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनीही असाच प्रयोग केला होता: ताटलीत मिठाचा खांब उभा करून त्यांनी तळाशी निळा द्रव ओतला आणि तो खांबात वर चढताना दाखवला. त्या द्रवात आधीच पुरेपूर मीठ विरघळवलेले असल्यामुळे खांब विरघळत नसे. मेण वातीत याच मार्गाने चढते.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. आजच्या सुती मेणबत्तीची वात विणलेली असते, त्यामुळे जळताना ती एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला जाते आणि तिथे भरपूर हवा मिळाल्याने जळून राख होते. अशी विणलेली वात १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी मेणबत्ती जळत असतानाच वातीचा काळा गूल पुन्हा पुन्हा काढावा लागे. लाकडी पट्टी वाकत नाही. तिचा गूल तिच्याच डोक्यावर उभा राहतो आणि तो काढण्याचे काम जुन्या काळाप्रमाणे आपल्या हाताकडे येते.

मेणकाम_कुडाळ

मास्तरांनी कारण सांगितले, मी कृती सांगते. मी गेली सहा वर्षे कुडाळला घरीच मेणबत्त्या तयार करते आणि लाकडी वातीबद्दल माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ तरी हुबेहूब आपल्यासारख्या असतात.

पहिली चूक पहिल्याच दिवशी घडली. नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वितळलेले मेण पेल्याच्या काचेला चहूबाजूंनी टेकेपर्यंत ती विझवायची नाही. ढोबळ हिशेब असा की व्यासाच्या दर इंचाला एक तास धरावा. आपला पेला तीन इंचांहून किंचित मोठा आहे, म्हणजे तीन तास. वीस मिनिटांत विझवल्यावर मध्यभागी लहानसा खड्डा तयार झाला. पुढच्या वेळी वितळलेले मेण त्या खड्ड्यातच साचून राहिले, कडेचे घट्ट मेण तसेच उभे राहिले आणि वात आपल्याच मेणात बुडू लागली. आमच्यात याला टनेलिंग म्हणतात. वीज गेल्यावर थोडा वेळ उजेड हवा म्हणून ही मेणबत्ती लावू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगते. त्यासाठी घरात साधी पांढरी मेणबत्ती ठेवावी.

मेणबत्ती वाचेल, काळजी करू नका. पेला पूर्ण थंड होऊ द्या. मग टिश्यू कागदाच्या चिमटीत पट्टीचे काळे टोक धरून हलकेच चुरगाळा. कोळसा झालेला भाग भुकटी होऊन आपोआप सुटतो आणि खालचे टणक लाकूड बोटांना लागते. तिथे थांबा. उरलेली उंची अजूनही जास्त असेल तर नखे कापायच्या नेलकटरने पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थोडे थोडे कुरतडत जा. कात्रीने एकदम कापू नका, कारण लाकूड आपल्या रेषेवर उभे चिरते आणि मग ज्योत दोन तुकड्यांत जळते. मेणाच्या वर राहिलेली पट्टी ३ ते ५ मिलिमीटर असावी. मोजपट्टी हाताशी नसेल तर काडेपेटीतल्या दोन काड्या एकावर एक आडव्या ठेवून बघा, साधारण तेवढीच उंची हवी आहे. सुती वातीसाठी ६ मिलिमीटर सांगितले जाते, लाकडी वात त्याहून आखूड लागते. टोकावर थोडा काळेपणा राहू द्यावा, कोऱ्या लाकडापेक्षा तो लवकर पेटतो.

पडलेली भुकटी पेला उलटा करून कागदावर झटकून टाका. ती मेणात राहिली तर पुढच्या वेळी स्वतंत्रपणे पेट घेऊ शकते. त्यानंतर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून कडेच्या मेणावर गोल गोल फिरवा. कडा वितळून खड्डा भरत आला की वरचे जादा मेण चमच्याने काढून कागदी कपात ठेवा, मोरीत किंवा सिंकमध्ये मुळीच ओतू नका, नळी तुंबते. पृष्ठभाग सपाट झाल्यावर पट्टी चार मिलिमीटर वर दिसेल इतके मेण काढायचे, त्याहून जास्त नाही. मेण गोठल्यावर पेला जरासा तिरका धरून लांब नळीच्या लायटरची ज्योत पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत विझली तर पुन्हा पेटवा, लाकडाला तेवढा वेळ लागतोच. या वेळी मात्र सलग तीन तास हाताशी असतील तेव्हाच बसा.

अनघा_ठाणे

माझ्या एका मेणबत्तीला असाच खड्डा पडला होता, तेव्हा मी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पेल्याच्या कडेवर घुमटासारखी बसवली आणि मधे भोक ठेवले. दीड तासात कडेचे सगळे मेण वितळून पृष्ठभाग सपाट झाला. मेण काढून वाया घालवण्यापेक्षा हा उपाय मला चांगला वाटतो, कारण या मेणबत्त्या स्वस्त नसतात.

मेणकाम_कुडाळ

अनघाताई, आपली मेणबत्ती सुती वातीची असावी असा माझा अंदाज आहे. फॉइलचा उपाय तिथे चालतो, कारण सुती वातीची उंच ज्योत खड्ड्यातही तग धरते आणि फॉइल तिची उष्णता कडेकडे परतवते. वृंदाताईंची ज्योत मुळातच मोहरीएवढी झाली आहे. परतवण्यासाठी उष्णताच नाही. त्यातून लाकडी वातीची ज्योत आडवी पसरलेली असल्याने तिला दोन्ही अंगांनी हवा लागते, आणि फॉइलचे भोक लहान पडले तर ती गुदमरते. वात नीट कापल्यावर आणि ज्योत सशक्त झाल्यावर कडेला थोडेसे मेण राहिले असेल तर फॉइल जरूर लावावी, पण भोक ज्योतीच्या रुंदीपेक्षा बरेच मोठे ठेवावे आणि समोरून उठू नये. तापलेली फॉइल मी एकदा उघड्या बोटांनी उचलली होती, दोन बोटांवर आलेले फोड आठवडाभर राहिले.

अनघा_ठाणे

होय, माझी सुतीच होती. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, आभारी आहे.

वृंदा_पुणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. काल रविवारी मी सगळे सांगितल्याप्रमाणे केले. काळे टोक टिश्यूत धरल्यावर खरोखरच भाजलेल्या पापडासारखे चुरले आणि खाली तांबूस लाकूड दिसले. नेलकटरचे पाच-सहा घास लागले. ड्रायर सात मिनिटे फिरवला आणि तीन छोटे चमचे मेण काढले.

दुपारी चार वाजता पेटवली, पहिल्यांदा विझली, दुसऱ्यांदा धरली. पहिली चाळीस मिनिटे ज्योत बुटकी होती आणि मला पुन्हा शंका येऊ लागली, पण त्यानंतर तिने हळूहळू पट्टीची पूर्ण रुंदी घेतली आणि दोन तास दहा मिनिटांनी वितळलेले मेण काचेला चहूबाजूंनी टेकले. तडतड आवाज परत आला आहे. तीन तास झाल्यावर मी ती विझवली.

आता एक नवा प्रश्न. शेवटच्या अर्ध्या तासात यजमानांनी पंखा लावला, तेव्हा ज्योत एका बाजूला कलली आणि त्या बाजूच्या काचेवर काजळीचा काळा पट्टा उमटला. शिवाय मी फुंकर मारून विझवली तेव्हा गरम मेणाचे दोन शिंतोडे टेबलावर उडाले आणि बराच वेळ धूर निघत राहिला. यावर काय करावे?

डेल्फ्टची_मराठी

वृंदाताई, मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारते, त्यामुळे जवळजवळ रोज संध्याकाळी घरोघरी मेणबत्त्या लागतात आणि त्यांच्या वापराबद्दल लोक फार काटेकोर असतात.

काचेवरची काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. ज्योत स्थिर असते तेव्हा मेणाची वाफ आणि हवा यांचा मेळ बसतो आणि कार्बन जवळजवळ पूर्ण जळतो. वारा लागला की ज्योत फडफडते, तिचा काही भाग थंड पडतो आणि न जळलेला कार्बन काचेवर बसतो. म्हणून छताचा पंखा, एसीचा झोत, उघड्या खिडकीची थेट वाट आणि लोकांची सतत ये-जा असलेला दरवाजा, या चारही जागा टाळाव्यात. याचा अर्थ खोली बंद करून बसावे असा नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेले कोणी घरात असेल तर शेजारच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून हवा खेळती ठेवावी. काचेवरचा पट्टा पेला थंड झाल्यावर कोरड्या टिश्यूने पुसून घ्या, कारण काळी काच त्या बाजूला अधिक तापते.

पेला ठेवायची जागा सपाट आहे ना, हेही पाहा. पेला थोडा जरी कलता असला तरी वितळलेले मेण एका बाजूला साचते, पट्टीचे एक टोक बुडते आणि दुसऱ्या टोकाचा कोळसा होतो. पडदे, कागद, कपाटाची फळी या सर्वांपासून किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि ते वरच्या दिशेनेही मोजावे. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नये; विझवल्यावर मेण पूर्ण गोठू द्यावे, वात कापावी आणि मगच पुन्हा लावावी. युरोपात मेणबत्त्यांवरील सुरक्षाचिन्हांसाठी ईएन १५४९४ हे मानक आहे, त्यामुळे इथल्या बरण्यांच्या तळाशी अशा सूचना लहान चित्रांमध्ये दिलेल्या असतात. गेल्या वर्षी मी घरून दोन बरण्या आणल्या, त्यांच्यावर सुगंधाचे वर्णन मोठ्या अक्षरांत होते आणि सूचना एकही नव्हती. याचे मला वाईट वाटले, कारण आत मेण आणि काम दोन्ही उत्तम होते.

फुंकर मारू नका. आपल्याकडे देवापुढचा दिवा तोंडाने फुंकत नाहीत, तो शांत करतात, आणि लाकडी वातीच्या बाबतीत हीच रीत व्यवहारातही योग्य आहे, कारण फुंकरीने पातळ मेण उडते आणि पट्टीवरची ठिणगीसुद्धा उडू शकते. पेल्याचे झाकण धातूचे किंवा काचेचे असेल तर ते अलगद वर ठेवा. आतली हवा संपली की ज्योत काही क्षणांत मालवते. लाकडी झाकण असेल तर त्याऐवजी एखादी लहान स्टीलची ताटली चालेल. धूर थांबल्यावर झाकण काढा, मेण गोठू द्या आणि मग पुन्हा लावून ठेवा. पाणी मात्र कधीही टाकू नका; पाण्याने पेटते मेण उसळते आणि काच तडकते.

हौशी_सुतार_नाशिक

हा धागा वाचून मला स्वतः अशी वात करून पाहण्याची इच्छा झाली. आईस्क्रीमच्या काड्या तेलात भिजवून वापरल्या, पण त्या पाच मिनिटांत विझतात. घरात सागाच्या ढलप्या आणि प्लायवूडचे पातळ तुकडेही आहेत. कोणते लाकूड घ्यावे?

मेणकाम_कुडाळ

दादा, आईस्क्रीमची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. बाजारात वातीसाठी मिळणाऱ्या पट्ट्या अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या बहुधा चेरी किंवा मेपल या झाडांच्या लाकडाच्या असतात, कारण त्याचा पोत एकसारखा असतो आणि त्यात चिकट राळ नसते. जाड काडी उष्णता स्वतःच शोषून घेते आणि टोकाशी मेणाची वाफ होण्याइतकी ऊब उरत नाही. तुमच्याकडे रंधा आहे, तेव्हा तीच काडी निम्म्याहून पातळ करून पाहा, फरक लगेच दिसेल. रेषा उभ्या जातील याची काळजी घ्या; आडव्या रेषेच्या पट्टीत मेण चढतच नाही. पट्टी खाली पत्र्याच्या लहान क्लिपमध्ये घट्ट बसवावी आणि ती क्लिप तळाला चिकटवावी, नाहीतर मेण पूर्ण पातळ झाल्यावर वात आडवी पडते.

सागाचा मी प्रयोग केला आहे. साग मुळात तेलकट, त्यामुळे तो पेटतो छान, परंतु धुराला त्याचा स्वतःचा उग्र वास येतो आणि मेणातला सुगंध त्याखाली दबतो. फणसाच्या पातळ पट्टीने मला सागापेक्षा बरे काम दिले, तरी दोन पट्ट्या कधी सारख्या जळल्या नाहीत, म्हणून विक्रीसाठी मी विकतच्याच पट्ट्या वापरते.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी

प्लायवूडबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे की ते अजिबात जाळू नये. त्याचे थर बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडसारख्या रासायनिक डिंकाने चिकटवलेले असतात आणि बंद खोलीत त्याचा धूर श्वासावाटे घेणे अपायकारक आहे. पॉलिश, रंग किंवा वाळवीचे औषध लागलेले लाकूडही याच कारणाने वर्ज्य समजावे, मग ते कितीही पातळ आणि सुबक असो.

वृंदाताईंनी तडतड आवाजाचा उल्लेख केला आहे, त्याचेही कारण इथेच सांगतो. लाकडाच्या पेशींमध्ये थोडा ओलावा आणि थोडे तैल पदार्थ अडकलेले असतात. ज्योतीच्या उष्णतेने त्यांची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि ती पेशीची भिंत फोडून निघते. तो फुटण्याचा आवाज आपण ऐकतो. चुलीतल्या काटकीचा आवाजही हाच, फक्त तिथे काटकी जाड असल्याने तो मोठा असतो. आवाज वाढावा म्हणून वात पाण्यात भिजवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केल्याने वात पेटतच नाही.

पाऊसवेडी_चिपळूण

मास्तर, ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. गेल्या पावसाळ्यात माझी लाकडी वातीची मेणबत्ती पेटायलाच तयार नव्हती, आणि वात तर मी नीट कापली होती.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी

लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली आणि तशीच राहिली की लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. कोरड्या हवेत ते याच्या निम्म्यावर असते. पट्टीचा मेणात बुडालेला भाग सुरक्षित असतो, परंतु वर उघडे राहिलेले चार मिलिमीटर हवेतील ओलावा शोषतात आणि त्यावरचा कोळसा तर अधिकच शोषतो. म्हणून पावसाळ्यात वात विझवल्यानंतर लगेच घट्ट झाकण लावायची सवय ठेवा, अर्थात मेण गोठल्यावर. पेटवण्याआधी कोळसा पूर्ण काढा आणि लायटरची ज्योत पट्टीवरून १०–१५ सेकंद मागे-पुढे फिरवा; तेवढ्यात टोकातला ओलावा निघून जातो.

वऱ्हाडी_नागपूर

आमची अडचण याच्या अगदी उलट आहे. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि पेल्यात ओतायचे सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास, काही प्रकारांत त्याच्याही आधी, वितळते. गेल्या उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेली मेणबत्ती हातात आली तेव्हा मेण एका बाजूला वाहून गोठले होते आणि वात तिरपी झाली होती. विक्रेत्याने ती बदलून द्यायला नकार दिला. मग मी पेला गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण पूर्ण पातळ केले, दोन काड्यांच्या बेचक्यात वात सरळ धरली आणि पंख्याखाली न ठेवता सावकाश गोठू दिले. मेणबत्ती पूर्वीसारखी जळली. तेव्हापासून मी नारळाच्या मेणाच्या मेणबत्त्या उन्हाळ्यात मागवत नाही, कारण त्या सोयाहूनही मऊ असतात, आणि घरातल्या सर्व बरण्या धान्याच्या कोठीजवळच्या अंधाऱ्या, थंड कप्प्यात ठेवते. फ्रिजमध्ये ठेवून पाहिले होते, मेण काचेपासून सुटले आणि बाहेर काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब जमले.

मेणावर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसली तर घाबरू नये. सोया मेण तापमानाच्या चढउताराने असे स्फटिक धरते. त्याने जळण्यात काही फरक पडत नाही.

वृंदा_पुणे

एक महिन्याने लिहिते आहे. दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ मी ही मेणबत्ती लावते. पंखा बंद असतो, पेला सपाट पाटावर असतो. दर वेळी पेटवण्याआधी टिश्यूने काळे टोक काढते आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. एकदा मी वात जास्तच कापली, ती दोन मिलिमीटरही उरली नाही आणि ज्योत लगेच मेणात बुडाली. तेव्हा विझवून, पातळ झालेले थोडे मेण टिश्यूच्या टोकाने टिपून घेतले आणि ती पुन्हा धरली. त्या दिवसापासून मी काडेपेटीच्या दोन काड्या मेणबत्तीशेजारीच ठेवल्या आहेत.

आता तळाशी दीड सेंटिमीटर मेण उरले आहे. ते संपेपर्यंत जाळावे का?

मेणकाम_कुडाळ

नाही वृंदाताई, एक सेंटिमीटर उरले की थांबा. मेणाचा थर पातळ झाला की ज्योतीची उष्णता क्लिपमधून थेट तळाच्या काचेला लागते आणि काच तडकू शकते. म्हणजे अजून एखाद-दुसरी संध्याकाळ आपल्याला मिळेल. त्यानंतर पेला तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मेण आकसून सुटते आणि बोथट सुरीच्या टोकाने चकतीसारखे निघते. क्लिप उचकटून काढा, पेला गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा. मेणाची चकती आणि आधी कागदी कपात ठेवलेले तीन चमचे मेण एकत्र वितळवून मातीच्या पणतीत ओतले आणि मधे सुती वात उभी केली तर आणखी एक संध्याकाळ सुगंध दरवळेल. पेला कोरडा करून मला पाठवलात तर मी त्यात नवी वात बसवून मेण भरून देईन. या वेळी पट्टी सव्वाऐवजी दीड सेंटिमीटर रुंद घेऊ, आठ सेंटिमीटरच्या पेल्याला ती अधिक मानवेल.

वृंदा_पुणे

जरूर पाठवते. सुगंध वाळ्याचा घ्यावा म्हणते.